चुलीचे तीन दगड : अमेरिकेतल्या आरोग्य विम्याचं भांडण समजून घेताना

गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर. नाशिकच्या या भागांतल्या बहुतेक सोसायट्यांमधून कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे. त्यामुळे तिकडच्या आरोग्य विम्याची बातमी इथे नुसती परदेशी बातमी राहत नाही. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस अमेरिकी केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं. विम्याच्या हप्त्यावर मिळणारी वाढीव सरकारी मदत पुढे चालू ठेवायची की नाही, हा त्या भांडणाचा गाभा होता. ती मदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली.

ही बातमी आपल्याकडे दोन वाक्यांत फिरते. एक, ‘तिकडे सरकार फुकट उपचार देत होतं, आता बंद केलं.’ दुसरं, ‘तिकडे सरकार काहीच देत नाही, सगळं खासगी.’ दोन्ही चूक आहेत. मुलांकडे जायची तयारी करणाऱ्या आईवडिलांना या चुका फार महागात पडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कुणाचं कोण भरतं ते पाहू. पासष्टीच्या पुढच्यांसाठी मेडिकेअर आहे, केंद्र सरकारची. गरिबांसाठी मेडिकेड आहे, केंद्र आणि राज्य दोघांच्या पैशातून चालणारी. दोन्ही योजना १९६५ च्या कायद्यातल्या. नोकरदार आणि त्यांचं कुटुंब, म्हणजे पंधरा कोटींहून जास्त माणसं, मालकाने दिलेल्या खासगी विम्यावर असतात. उरले ते छोटे व्यावसायिक, कंत्राटी कामगार, पासष्टीच्या आत निवृत्त झालेले. त्यांनी स्वतः विमा घ्यायचा असतो, आणि ‘ओबामाकेअर’ मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ओबामाकेअर म्हणजे आपल्या सिव्हिल हॉस्पिटलसारखं सरकारी रुग्णालय नव्हे. माणूस खासगी कंपनीचीच पॉलिसी घेतो. सरकार त्या पॉलिसीचे नियम ठरवतं आणि हप्त्याचा काही भाग भरतं.

नोकरीला विमा बांधला गेला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं, पण विम्यासारख्या सवलती त्या बंधनाबाहेर राहिल्या. कामगार मिळत नव्हते, पगार वाढवता येत नव्हता, मग मालक विमा देऊ लागले. १९५४ च्या करकायद्याने त्या रकमेवरची करमाफी पक्की केली. आजही नोकरी गेली की विमा जातो, त्याचं मूळ तिथे आहे. नोकरी गेल्यावर ‘कोब्रा’ कायद्याखाली तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के खर्च. हा पर्याय घ्यायला ६० दिवस मिळतात आणि घेतला तर विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. ले-ऑफ झालेल्या मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी : त्या ६० दिवसांत मोठं आजारपण आलं तरी मागचे हप्ते भरून विमा जिवंत करता येतो. ओबामाकेअरच्या सरकारी बाजारातली पॉलिसी घ्यायलाही नोकरीचा विमा गेल्यापासून ६० दिवसच मिळतात. ती मुदत चुकली की नोव्हेंबरपर्यंत थांबा.

आता मूळ मुद्दा. हा सगळा वाद ‘सरकारी की खासगी’ असा मांडला जातो. माझ्या मते ती मांडणीच दिशाभूल करते. खरा प्रश्न चुलीच्या तीन दगडांचा आहे.

पहिला दगड : आजारी माणसाला विमा नाकारायचा नाही, आणि आजारी म्हणून जास्त हप्ता लावायचा नाही. दुसरा : धडधाकट माणसानेही विमा घ्यायलाच हवा. तिसरा : ज्याला हप्ता झेपत नाही त्याला सरकारने मदत करायची. यातला एक काढला की भांडं कलंडतं. कसं, ते आकड्यांत बघा.

समजा शंभर माणसांचा गट आहे. वर्षभरात त्यातले पाच जण गंभीर आजारी पडतात, प्रत्येकी चार लाख खर्च. एकूण वीस लाख, म्हणजे माणशी २०,००० रुपये हप्ता. आता नियम केला की आजारी पडल्यावर आलात तरी विमा मिळेल, पण आधी घ्यायची सक्ती नाही. चाळीस धडधाकट माणसं म्हणतील, आत्ता कशाला, लागेल तेव्हा घेऊ. उरले साठ. खर्च तोच वीस लाख, कारण आजारी माणसं कुठे जात नाहीत. हप्ता झाला ३३,३३३. तो बघून आणखी पंचवीस जण जातात. उरलेल्या पस्तीस जणांवर हप्ता येतो ५७,००० च्या वर. भिशीत आपला नंबर लागायच्या दिवशी येऊन पहिला हप्ता भरणाऱ्याला कुणी घेत नाही, त्याचं कारण हेच आहे.

हा कागदावरचा हिशेब नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९९३ मध्ये सर्वांना विमा देणारा कायदा केला. १९९५ मध्ये सक्तीचा भाग काढून टाकला, पण आजारी माणसाला नाकारायचं नाही हा नियम ठेवला. १९९९ पर्यंत त्या राज्यात स्वतःसाठी नवी पॉलिसी विकणारी कंपनीच उरली नाही. नियम माणुसकीचाच होता. एकटा दगड भांडं पेलू शकला नाही, इतकंच.

मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये तिन्ही दगड एकत्र मांडले. तेव्हा तिथले गव्हर्नर होते मिट रॉम्नी, रिपब्लिकन पक्षाचे. त्याच आराखड्यावर ओबामांचा कायदा २३ मार्च २०१० रोजी झाला. कंपन्यांवर बंधनं आली ती अशी : जुन्या आजारावरून नकार नाही, प्रतीक्षाकाळही नाही. वयानुसार हप्ता वाढवता येईल, पण ज्येष्ठ प्रौढाचा हप्ता तरुणाच्या तिपटीहून जास्त नको. तंबाखू ओढणाऱ्याला दीडपटीपर्यंत जास्त. जमा हप्त्यांपैकी किमान ८० टक्के रक्कम, मोठ्या गटांच्या पॉलिसीत ८५ टक्के, उपचारांवर खर्च व्हायला हवी. नाहीतर फरक ग्राहकाला परत. बाळंतपण, मानसिक आजार, औषधं यांसह दहा प्रकारच्या सेवा स्वतः घेतलेल्या आणि छोट्या गटांच्या प्रत्येक पॉलिसीत असायलाच हव्यात. मुलं २६ वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीत राहू शकतात.

आपल्याकडच्या पॉलिसीशी ताडून बघा. आपल्या विमा नियामकाने २०२४ मध्ये जुन्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ ४८ वरून ३६ महिन्यांवर आणला. म्हणजे मधुमेह आहे म्हणून सांगितलं, तर तीन वर्षांपर्यंत त्याच्याशी संबंधित दावा नाकारला जाऊ शकतो. आणि इथे कंपनी पॉलिसी द्यायलाच नकार देऊ शकते. आपण पहिला दगड अजून पुरता ठेवलेला नाही.

तिकडे भांडण पेटलं ते मुख्यतः दुसऱ्या दगडावरून. ‘सरकार मला एखादी वस्तू विकत घ्यायला कसं भाग पाडतं?’ हा प्रश्न अमेरिकी मनाला खरोखर बोचतो, आणि तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. २८ जून २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला : सक्ती म्हणून नव्हे, पण विमा न घेणाऱ्यावरचा कर म्हणून ही तरतूद चालेल. त्याच निकालाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, आणि जास्त नुकसान या दुसऱ्या भागाने केलं. त्याकडे पुढे येतो. २०१७ मध्ये कायद्याचे महत्त्वाचे भाग मोडण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी आपल्याच पक्षाविरुद्ध मत दिलं. पण त्याच वर्षीच्या अखेरीस करकायद्यातून दंड शून्यावर आणला, २०१९ पासून लागू.

म्हणजे दुसरा दगड काढला. मग चूल कलंडली का? नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिसरा दगड मोठा होता. हप्त्यावर एवढी मदत मिळत होती की धडधाकट माणसंही थांबली. २०२१ मध्ये ती मदत आणखी वाढवली गेली. हप्ता उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून जास्त जाणार नाही अशी सोय झाली, आणि २०२५ मध्ये या बाजारातून विमा घेणाऱ्यांची संख्या दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास पोहोचली. त्यामुळेच २०२५ अखेर मदत संपणं ही साधी कपात नाही. दुसरा दगड आधीच नाही, आता तिसरा झिजवला.

नेमकं काय संपलं? मूळ कायद्यातली मदत आहे, पण ती दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंतच. २०२६ साठी दोघांच्या कुटुंबाला ही मर्यादा ८४,६०० डॉलर आहे. साठीच्या जोडप्याचं उत्पन्न ८४,००० असेल तर ठरावीक सिल्व्हर, म्हणजे मधल्या दर्जाच्या, पॉलिसीसाठी त्यांना उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण ८,३६६ डॉलर भरावे लागतात. वरचा हप्ता सरकार भरतं. उत्पन्न ८५,००० झालं की मदत शून्य, आणि साठीच्या वयाचा पूर्ण हप्ता खिशातून. एक हजार डॉलर जास्त कमावले म्हणून कडेलोट.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतल्या कामगाराला ही दरी ओळखीची आहे. ईएसआय या कामगार विमा योजनेसाठी पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि पूर्ण कुटुंबाचा उपचार त्यात होतो. पण पगाराची मर्यादा २१,०००. पगार २१,५०० झाला की अंशदानाचा सहामाही काळ संपल्यावर, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, कपात थांबते, आणि त्याला जोडलेला लाभाचा काळ संपला की कुटुंब बाहेर. पाचशे रुपयांच्या वाढीत बाहेरचा विमा येत नाही. मर्यादा आखायची तर मदत हळूहळू उतरती ठेवायला हवी. एका रेषेवर तोडणं हे दोन्ही देशांत चुकीचंच आहे.

आता मेडिकेड. कायदा लिहिणाऱ्यांनी धरून चाललं होतं की दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतचे सगळे मेडिकेडमध्ये येतील. म्हणून बाजारातल्या पॉलिसीवरची मदत १०० टक्क्यांच्या वरच्यांनाच ठेवली. २०१२ च्या निकालानंतर काही राज्यांनी विस्तार नाकारला. टेक्सास आणि फ्लोरिडा त्यात आहेत, आणि या दोन्ही राज्यांत मराठी माणसं भरपूर. तिथे बिनमुलांचा, अगदी गरीब प्रौढ मेडिकेडमध्येही बसत नाही आणि हप्त्याच्या मदतीलाही पात्र ठरत नाही. त्याच्याहून थोडं जास्त कमावणाऱ्याला मदत मिळते, त्याला नाही.

जुलै २०२५ च्या कायद्याने विस्तारित मेडिकेडमधल्या १९ ते ६४ वयाच्या अनेकांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा दाखवण्याची अट घातली. १ जानेवारी २०२७ पर्यंत ती राज्यांनी लागू करायची आहे. ऐकायला रास्त वाटतं. पण आर्कान्सा राज्याने २०१८ मध्ये हे करून पाहिलं तेव्हा काही महिन्यांत १८,००० हून जास्त माणसांचा विमा गेला. काम करणारेही त्यात गेले, कारण दर महिन्याची नोंद ऑनलाइन करायची होती. रेशनच्या ई-केवायसीला अंगठा जुळत नाही म्हणून धान्य अडलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पात्रता असणं आणि पात्रता दर महिन्याला सिद्ध करता येणं यांत मोठं अंतर असतं, आणि ते अंतर गरिबालाच चालावं लागतं.

चुलीवर शिजतंय ते धान्यच महाग असेल तर दगड कितीही पक्के मांडून भागणार नाही, हेही खरं. अमेरिकेचा आरोग्यखर्च २०२३ मध्ये ४.९ लाख कोटी डॉलर होता, राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के. तिथली माणसं जास्त वेळा डॉक्टरकडे जातात म्हणून हे होत नाही. तीच तपासणी, तेच औषध, तीच शस्त्रक्रिया तिथे महाग आहे. २००३ च्या कायद्याने मेडिकेअरला औषध कंपन्यांशी भाव ठरवायलाच मनाई केली होती. २०२२ च्या कायद्याने ती काही औषधांपुरती उठवली, आणि पहिल्या दहा औषधांचे ठरलेले भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. माझ्या लेखी गेल्या पंधरा वर्षांतल्या सगळ्या गदारोळात ही सर्वांत दूरगामी सुधारणा आहे, आणि तिच्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

आता नाशिकहून जाणाऱ्यांसाठी.

तीन-चार महिन्यांसाठी टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्या आईवडिलांना ओबामाकेअर, मेडिकेअर, मेडिकेड यातलं काहीच लागू नाही. त्यांच्यासाठी असते ती व्हिजिटर पॉलिसी, आणि वर सांगितलेला पहिला दगड तिला नसतो. जुना आजार वगळण्याची तिला मुभा आहे. बीपी असलेल्या माणसाच्या छातीत दुखलं, तर कंपनी जुन्या आजाराकडे बोट दाखवू शकते. म्हणून पॉलिसीत ‘ॲक्यूट ऑनसेट’चं कलम आहे का ते पाहा. त्याचा अर्थ, जुना आजार अचानक, पूर्वसूचनेशिवाय उसळला तर खर्च मिळेल. पण बहुधा २४ तासांत उपचार घेतलेले असावे लागतात आणि ठरावीक वयानंतर हे कलम लागू होत नाही. ‘दोन दिवस दुखत होतं’ असं कागदावर आलं की दावा अडकतो. दुसरी गोष्ट, ‘फिक्स्ड बेनिफिट’ पॉलिसी स्वस्त असते कारण ती प्रत्येक सेवेला ठरलेलीच रक्कम देते, बिल कितीही येवो. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पॉलिसी महाग, पण घ्यायची तर तीच.

तिकडे आपत्कालीन विभाग पैसे नाहीत म्हणून तपासायला नकार देऊ शकत नाही. १९८६ पासून तसा कायदा आहे. पण उपचार मिळणं वेगळं, बिल माफ होणं वेगळं. बिल येतंच. ॲम्ब्युलन्सचंही येतं, आपल्या १०८ सारखी ती फुकट नाही. ताप, लघवीचा त्रास, पाय मुरगळणं यासाठी अर्जंट केअर दवाखान्यात जावं, तिथे खर्च बराच कमी. छातीत दुखणं, पक्षाघाताची लक्षणं, मोठा रक्तस्राव असेल तर मात्र बिलाचा विचार न करता ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा.

मोठं बिल आलं तर लगेच भरू नका. आधी बाबवार बिल मागा. धर्मादाय स्वरूपाच्या रुग्णालयांना आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं, आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. पाहुणे म्हणून आलेल्यांना ते लागू आहे का, हे त्या रुग्णालयाच्या धोरणात पाहावं.

मुलांच्या विम्याचं बिल कसं वाचायचं, तेही एकदा करून बघू. रुग्णालयाने लावले ६०,००० डॉलर. रुग्णालय नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं, आणि कंपनीशी ठरलेला दर २५,०००. हिशेब या २५,००० वर होतो. डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधीचा आपला वाटा, ३,००० असेल तर ते पहिल्यांदा आपले. उरलेल्या २२,००० चे २० टक्के को-इन्शुरन्स, ४,४००. एकूण ७,४०० आपल्या खिशातून. पॉलिसीची वार्षिक कमाल ९,२०० असेल, तर त्याच वर्षी पुन्हा भरती व्हावं लागलं तरी नेटवर्कमध्ये आणखी १,८०० च्या वर भरावे लागत नाहीत. बहुतेक पॉलिसींत डिसेंबरअखेर हे सगळं शून्यावर येतं. म्हणून थांबण्यासारखी दुसरी शस्त्रक्रिया जानेवारीत ढकलू नका, डिसेंबरातच उरका.

ग्रीन कार्डवर कायमचे जाणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. परदेशातून राहायला आल्यावर बाजारातली पॉलिसी घ्यायला ६० दिवस मिळतात. बहुतेक ठिकाणी मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. २०२५ पर्यंत या काळात कमी उत्पन्नाच्या ग्रीन कार्डधारकांना हप्त्यावर मदत मिळायची. २०२६ पासून दारिद्र्यरेषेखालच्यांची ही सोय काढली. महिना पन्नास हजार पेन्शन म्हणजे वर्षाला सात हजार डॉलरच्या आसपास, आणि दोघांसाठीची रेषा २१,१५० डॉलर. आईवडिलांनी स्वतंत्र कर विवरण भरलं तर ते रेषेखाली जातात आणि मदत मिळत नाही. मुलाला त्यांना आपल्या विवरणात अवलंबित दाखवता आलं तर पूर्ण घराचं उत्पन्न धरलं जातं. कुठलं बरं, हे निघायच्या आधी कर सल्लागाराकडून आकड्यांत मांडून घ्यावं. काही राज्यांचे स्वतःचे नियम अधिक उदार आहेत, तेही विचारावं.

पासष्टी ओलांडलेल्यांना सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. २०२५ मध्ये डॉक्टरांच्या खर्चाचा भाग ‘बी’ महिना १८५ डॉलर होता. रुग्णालयाचा भाग ‘ए’ स्वतः किंवा जोडीदाराने तिथे दहा वर्षं काम केलं असेल तर फुकट, नाहीतर ५१८ डॉलरपर्यंत. पाच वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी अर्ज करा. उशीर झाला तर भाग ‘बी’चा हप्ता प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ कायम राहते.

आणि नाशिकमधल्या उपचारांना मेडिकेअर पैसे देत नाही. हिवाळ्यात चार महिने घरी येऊन राहायचं असेल तर इथली पॉलिसी बंद पडू देऊ नका. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. त्यानंतर नवी पॉलिसी घ्यावी लागली, तर मधुमेहासाठीचे ३६ महिने पहिल्यापासून मोजायला लागतील, तेही कंपनीने घेतलं तर.